बखर, गॅझेटिअर आणि तर्री पोहे

पिशवीत कोणती पुस्तकं होती ते आधी सांगते, कारण नागपुरातलं सगळं फिरणं त्यांच्याच मागून झालं. यादव माधव काळे यांचा 'नागपूर प्रांताचा इतिहास' (१९३४), तोही झेरॉक्स काढून स्पायरल मारलेला. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची 'नागपूरकर भोसल्यांची बखर'. वा. वि. मिराशींचं 'कालिदास' आणि सोबत एक छोटं मेघदूत. वसंत मून यांची 'वस्ती'. शिवाय फोनमध्ये १९०८ सालचं रसेलचं इंग्रजी जिल्हा गॅझेटिअर. नवऱ्याने पिशवी उचलून पाहिली आणि "चार कपडे तरी घेतलेस का?" एवढंच विचारलं.

नाशिकहून रात्रीची गाडी पकडली, सकाळी नागपूर. गाडी थोडी उशिरा पोचली, पण थंडी इतकी गोड होती की तक्रार करावीशी वाटली नाही. स्टेशनवर मामेभाऊ आला होता. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो.

शुक्रवार : महाल

घरी जायच्या आधीच दादाने गाडी कस्तुरचंद पार्काच्या बाजूला घेतली. "आधी पोहे खा, मग इतिहास." प्लेटमध्ये पोहे, त्यावर काळ्या हरभऱ्याची लालभडक तर्री, वरून कांदा आणि लिंबू. पहिल्या घासाला बरं वाटतं, चौथ्या घासाला नाक वाहायला लागतं. तर्री परत परत मागता येते आणि मागावीच. याच मैदानावर मे १९२० मध्ये शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली होती आणि तरुण आंबेडकर तिला आले होते, हे दादा पोहे खाताखाता सांगत होता. पोहेवाला मध्येच म्हणाला, "हो ना, आमचे आजोबा सांगायचे." आजोबा खरंच होते की नाही कोण जाणे, पण त्याने आम्हाला तर्री जास्त घातली.

दुपारी महालात, म्हणजे नागपूरच्या जुन्या वस्तीत. शहर वसवलं देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, १७०२ च्या सुमारास. इथल्या बारा वाड्या एकत्र करून. त्याच्या मुलाने, चांद सुलतानाने, राजधानी इथे आणली, तट बांधला, नाल्याला बांध घालून तलाव केला. तोच जुम्मा तलाव, पुढे शुक्रवारी तलाव, आता गांधीसागर. तलावाच्या शेजारी जमशेदजी टाटांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू केली. तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे. चांद सुलतान १७३९ मध्ये वारला, वारसांत भांडणं लागली, राणीने रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावलं आणि १७४३ पर्यंत पाहुणे घरमालक झाले. गोंड राजाला मात्र रघुजींनी नावापुरतं गादीवर ठेवलं. त्याच्या घराण्याचा 'किल्ला' महालातच आहे. आम्ही विचारत विचारत गेलो तेव्हा तीन जणांनी तीन दिशा दाखवल्या. भोसल्यांचा वाडा मात्र शेंबडं पोरही दाखवतं.

काळ्यांचा इतिहास मी जुम्मा दरवाजाशी, म्हणजे आजच्या गांधी गेटपाशी उघडला. कमानीतून रिक्षा, हातगाड्या, दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली, सगळं एकाच वेळी जात असतं. दगडावर काजळी, त्यावर एकावर एक डकवलेल्या जाहिरातींचे थर, आणि खाचेत कबुतरांचं घरटं. मी फोटो काढत होते तर कडेला सायकली दुरुस्त करणारे काका म्हणाले, "समोरून कायले काढून राहिल्या बाई? इकडून या. इकडून दगड दिसते." खरंच, बाजूने पाहिलं की चिऱ्यांचे सांधे दिसतात, पुढून नुसत्या वायरी. पुस्तकात काय लिहिलंय ते त्यांना वाचून दाखवलं. तटाला आणखी दरवाजे होते हे ऐकून ते उठलेच, हात पुसले आणि कोणता दरवाजा कुठे असावा यावर शेजारच्या पानवाल्याशी त्यांचं चांगलं वाजलं. आम्ही निघालो तरी ते चालूच होतं.

बखर वाचायला कल्याणेश्वराच्या देवळात बसलो. या बखरीबद्दल एक गोष्ट माहीत असलेली बरी. ती काशीरावांनी लिहिली ती इंग्रज रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, रिचर्ड जेन्किन्सच्या सांगण्यावरून. म्हणजे १८१७ च्या लढाईत ज्याने भोसल्यांना हरवलं, त्यालाच भोसल्यांचा इतिहास हवा होता, आणि तो लिहायला बसला दरबारचं सगळं जाणणारा माणूस. मला बखरीतले सन-सनावळ्या वाचण्यापेक्षा हा माणूस दिसायला लागला. कुठे मोकळेपणी लिहितोय, कुठे आवरतं घेतोय. जेन्किन्सचा स्वतःचा नागपूर राज्यावरचा अहवाल १८२७ मध्ये कलकत्त्याला छापला गेला. त्यात जमीन, पीक, वसूल. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचले तर एकाच गावाची दोन गावं होतात.

महालात जायचं तर सकाळी दहाच्या आत जा, नंतर चारचाकी आणू नका. मेट्रोने चितार ओळी किंवा अग्रसेन चौकात उतरून चालत जाता येतं. वाड्यांत माणसं राहतात. विचारल्याशिवाय आत शिरू नका. विचारलं की बहुतेक ठिकाणी चहासुद्धा मिळतो.

रात्री मामीने पाटोडी रस्सा केला होता. झणझणीत म्हणजे काय ते घरच्या रश्श्यातच कळतं.

शनिवार : मनसर, रामटेक, नगरधन

हा दिवस मिराशींचा. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी नागपूरला मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवत. विदर्भावर प्राचीन काळी राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्याचे ताम्रपट वाचण्यात त्यांनी हयात घालवली. वाकाटक शिलालेखांचा त्यांचा मोठा ग्रंथ १९६३ चा, पण सामान्य वाचकाने 'कालिदास'पासून सुरुवात करावी. मराठीत १९३४ साली इतकं नेटकं संशोधन कुणी लिहीत होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

प्रश्न साधा आहे. मेघदूतातला यक्ष ज्या रामगिरीवर राहत होता तो कुठला? टीकाकार मल्लिनाथ म्हणतो चित्रकूट. काही विद्वान म्हणतात छत्तीसगडातला सरगुजाजवळचा रामगड. मिराशी म्हणतात रामटेक. त्यांची मांडणी एखाद्या वकिलासारखी आहे: मेघदूतात रामगिरीच्या उतारावर रघुपतीच्या वंद्य पावलांच्या खुणा आहेत असं म्हटलंय, आणि वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताचा ऋद्धपूर ताम्रपट दिला गेलाय तो 'रामगिरिस्वामीच्या पादमूलापासून', म्हणजे रामगिरीच्या देवाच्या पायाशी. प्रभावती ही चंद्रगुप्त दुसऱ्याची मुलगी, नवरा रुद्रसेन गेल्यावर मुलांच्या वतीने राज्य चालवणारी. तिची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकपासून हाकेच्या अंतरावरचं आजचं नगरधन. पुराव्याच्या कड्या एकेक करून जोडल्या जातात आणि आपण मान डोलवायला लागतो.

आधी मनसर. जबलपूर रस्त्यावर, मँगनीजच्या खाणींचं गाव. तिथल्या हिडिंबा टेकडीवर १९९८ पासून उत्खनन झालं आणि विटांचं प्रचंड बांधकाम निघालं. प्रभावतीचा मुलगा प्रवरसेन दुसरा याचं प्रवरेश्वर देवालय ते हेच, असं उत्खननकर्त्यांचं मत. धुकं होतं, विटा ओल्या, आणि आमच्याशिवाय तिथे फक्त शेळ्या राखणारा एक मुलगा. तो म्हणाला, "इथं काही नाही, तुम्ही रामटेकले जा." मग आम्ही त्याला वीट दाखवली. हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब. त्याने ती हाताने मोजली, मग दुसरी मोजली, आणि आम्ही निघेपर्यंत मोजतच होता.

रामटेकला गडावर गाडी जाते, तरी निदान उतरताना पायऱ्यांनी या. वराह दरवाजाशी भला मोठा दगडी वराह आहे. त्याच्या पायांमधून सरपटत जो जातो तो पुण्यवान, अशी समजूत. नवरा गेला. मी त्याच्यापेक्षा रुंद असल्यामुळे पुण्याचा विषय काढला नाही. वर केवल नरसिंहाचं छोटं देऊळ आहे, तांबूस दगडाचा नरसिंह मांडी मुडपून बसलेला, चेहऱ्यावर रागाचा लवलेश नाही. त्याच्या देवळातला शिलालेख मिराशींचं 'कालिदास' छापलं गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी उजेडात आला. ओळी जागोजागी झिजल्यात, पण त्यात प्रभावतीच्या घराण्याची हकीकत आहे. म्हणजे १९३४ साली पुस्तकातून जे ओळखलं, त्याला पुढे दगडाने दुजोरा दिला. आत अंधार होता. मी फोनचा उजेड तिरपा धरला तेव्हा अक्षरांच्या कडा वर आल्या. ब्राह्मी मला वाचता येत नाही, पण ओळीच्या सुरुवातीची दोन अक्षरं बोटाने हवेत गिरवून पाहिली.

मुख्य राममंदिराच्या आवारातून खाली अंबाळा तलाव दिसतो. तिथे बसून मेघदूताचे पहिले श्लोक मोठ्याने वाचले. शेजारी प्रसादाच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बाई ऐकत होत्या. "आषाढातच या ना मग," त्या म्हणाल्या, "ढग असा हातात येते. आता कायचा ढग?" तेवढ्यात वानराने आमच्या पिशवीतून नारळ पळवला. बाई शांतपणे म्हणाल्या, "दुसरा घ्या, वीस रुपये." वानरांची आणि त्यांची काहीतरी भागीदारी असावी असा आमचा संशय आहे.

परतीला नगरधन. आजचा कोट नंतरच्या काळातला, पण परिसरात २०१५ ते २०१८ मध्ये राज्य पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेज यांनी उत्खनन केलं. त्यात मातीची एक इवलीशी मुद्रा निघाली, तिच्यावर प्रभावतीगुप्ताचं नाव आणि शंखाची आकृती. नंदिवर्धनहून तिने दिलेला एक ताम्रपट तर पुण्यात एका तांबटाच्या घरी सापडला होता! कुठली राजधानी, कुठलं तांबटाचं घर. मुद्रा मात्र सापडली ती तिच्या स्वतःच्या गावात. पुस्तक वाचलेलं नसेल तर नगरधनला बघण्यासारखं फार नाही, हे स्पष्ट सांगते. भिंती, झाडं, क्रिकेट खेळणारी पोरं. वाचून गेलात तर पाय निघत नाही.

तिन्ही ठिकाणं एका दिवसात होतात. नागपूरहून रामटेक साधारण पन्नास किलोमीटर. सकाळी सातला निघा, मनसर आधी उरका, पाणी आणि टोपी सोबत ठेवा. नगरधनला खायला काही मिळेल या भरवशावर राहू नका. रामटेकला पान खा.

रात्री सावजी. दादाने आधीच बजावलं होतं, "पाणी पिऊ नको, पोळी खा." मटणाच्या रश्श्यावर बोटभर तेल, रंग जवळजवळ काळा. डोळ्यांतून पाणी, कपाळावर घाम, आणि हात मात्र थांबत नाही. मूळचं हे कोष्टी समाजाच्या घरातलं जेवण. मागावर दिवसभर बसणाऱ्या माणसांच्या या स्वयंपाकावर कुणीतरी मन लावून पुस्तक लिहायला हवं. भोसल्यांवर डझनभर आहेत.

रविवार : जुनापाणी, अजब बंगला, दीक्षाभूमी

काटोल रस्त्यावर, गोरेवाड्याच्या पुढे जुनापाणी. काळ्या जमिनीवर मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळं, जवळपास तीनशे. लोहयुगातल्या माणसांची ही दफनं, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. काही धोंड्यांवर ओळीने कोरलेले वाटीसारखे खळगे आहेत. सकाळी त्यांत दव साचलं होतं. जवळच्या माहुरझरीच्या उत्खननात घोड्यांचे अवशेष आणि त्यांच्या डोक्यावरचे तांब्याचे साज मिळाले. घोड्याला सजवून मालकाबरोबर पुरणारी ही माणसं कोण, कुठून आली, याची चर्चा अजून चालू आहे.

या शिळावर्तुळांची गोष्ट स्टीफन हिस्लॉपशिवाय पुरी होत नाही. स्कॉटिश मिशनरी, १८४५ मध्ये नागपुरात आला. शाळा काढली, दगड गोळा केले, जीवाश्म शोधले, गोंडी शिकला. एका परधानाकडून, म्हणजे गोंडांच्या परंपरागत गायकाकडून, त्याने गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याचं गोंडी गाणं उतरवून घेतलं. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची अशीच वर्तुळं पाहून बोरीकडे परतताना ओढ्याला पूर आला आणि तो बुडाला. घोडा एकटाच परतला. त्याची टिपणं मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापली. त्या पुस्तकात लिंगोचं गाणं आहे, मूळ गोंडी आणि भाषांतर. गाणाऱ्या परधानाचं नाव कुणाच्या लक्षात नाही आणि हिस्लॉपच्या नावाने मात्र कॉलेज आहे. दादा त्याच कॉलेजचा. हे बोलल्यावर तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, "चाल, संत्री घेऊ." रस्त्याकडेला ढिगाने होती. सालीचा वास हाताला दुपारपर्यंत येत होता.

मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे अजब बंगला, १८६३ चंच. मध्य प्रदेशात बालाघाटकडे गुंगेरियाला १८७० मध्ये सापडलेल्या तांब्याच्या साठ्यातल्या काही वस्तू इथे आहेत. तो साठा ४२४ तांब्याची हत्यारं आणि १०२ चांदीचे पत्रे एवढा होता आणि त्यातल्या पुष्कळ वस्तू लंडनला गेल्या. सोमवारी बंद असतं, म्हणून रविवारीच गाठलं. पाट्या थोडक्यात आहेत. आधी गॅझेटिअरचं इतिहासाचं प्रकरण वाचून जा. गॅझेटिअरं शासनाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. १९०८ चं इंग्रजी रुक्ष आहे, सरकारी कामासाठी लिहिलेलं आहे, पण गावांच्या नोंदींचा भाग सोडू नका. कुठल्या गावाचा बाजार कोणत्या वारी भरतो, विहिरीचं पाणी गोड की खारं, असल्या गोष्टी तिथेच सापडतात.

संध्याकाळी दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६. स्तूपाच्या आत शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो. पण मला सांगायचंय बाहेरच्या पुस्तकांबद्दल. इथे बारा महिने पुस्तकं विकली जातात, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तर लाखो माणसं येतात आणि जाताना पुस्तक घेऊन जातात. स्टॉलवर एक आजी आल्या, नऊवारी, पायात स्लीपर. "बाबासाहेबाचं मोठं पुस्तक द्या, नातवासाठी." दुकानदाराने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पुढे केलं. आजींनी ते उघडलं, अक्षर केवढं आहे ते बघितलं, "हे मलेच वाचता येते" म्हणाल्या आणि दोन प्रती घेतल्या. पुस्तकांच्या खपाची रडगाणी गाणाऱ्यांना मी इथे आणून उभं करीन.

२६ जानेवारी, सोमवार : किल्ला आणि त्याच्या खाली

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. सामान्य माणसाला २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला आत जाता येतं. ओळखपत्र ठेवा, मोठी बॅग नेऊ नका आणि सकाळी लवकर जा, कारण अख्खं नागपूर पोरंबाळं घेऊन येतं. रांगेत मागे उभ्या असलेल्या वहिनींनी आम्हाला तिळाचे लाडू दिले.

२६ आणि २७ नोव्हेंबर १८१७. दोन टेकड्या, एक मोठी, एक लहान. वर जेन्किन्सची तुटपुंजी फौज, खाली अप्पासाहेब भोसल्यांची कितीतरी मोठी. अप्पासाहेबांच्या अरबांनी लहान टेकडी घेतली होती. मग दारूगोळ्याची गाडी उडाली, गोंधळ झाला, इंग्रजांनी टेकडी परत मिळवली. काळ्यांचं पान उघडून मी वरून खाली बघत होते. अंतर इतकं थोडं आहे की ओरडलेलं ऐकू जावं. पुढे अप्पासाहेब पकडले गेले, निसटले, जोधपूरला १८४० मध्ये वारले. तिसरे रघुजी १८५३ मध्ये निपुत्रिक गेले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं.

किल्ल्यावरून उतरून सीताबर्डीत आलो, आणि आता 'वस्ती'. १९९५ चं हे आत्मकथन म्हणजे या टेकडीच्या पायथ्याच्या महारपुऱ्याचं चरित्र. मून पुढे बाबासाहेबांच्या समग्र लेखनाचे संपादक झाले. गेल ऑम्वेट यांनी याचा इंग्रजी अनुवादही केला. यात उपासमार आहे, पण तेवढीच नाही. आखाडे आहेत, भजनं आहेत, आंबेडकरांच्या समता सैनिक दलाची कवायत आहे, भांडणं, थट्टा, सण, अभ्यास. बखर रेसिडेंटसाठी, गॅझेटिअर साहेबासाठी. हे पुस्तक मात्र वस्तीतल्या माणसाने आपल्या माणसांचं लिहिलंय, म्हणून त्यात कुणी 'नमुना' म्हणून उभा नाही. नागपूरवरचं एकच पुस्तक वाचायचं असेल तर मी हेच सांगीन, आणि भोसल्यांचे चाहते रागावले तरी चालेल.

गल्ल्या आता ओळखू येत नाहीत, मजले चढलेत. एका घरासमोर ऊन खात बसलेल्या आजोबांना मी पुस्तकाचं नाव सांगितलं. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, चष्मा वर केला, मधलंच एक पान काढून वाचलं. "हा आखाडा तिकडे होता," बोट दाखवत म्हणाले. मग दोन पानं पुढे. "आन् हे बराबर नाही लिहिलं. ती कुस्ती आमच्या काकानं मारली होती." अर्धा तास त्यांनी आम्हाला सोडलं नाही. कुस्तीची पुरी हकीकत, डावासकट, उभं राहून करून दाखवली. सुनेने आतून चहा पाठवला.

दुपारी पुस्तकांच्या दुकानांत गेलो. काळ्यांचा इतिहास मिळाला नाही. जुन्या प्रती वाचनालयांत आहेत, तिथे बसून वाचा. 'वस्ती' आणि मेघदूताचे मराठी अनुवाद सहज मिळतात. विदर्भ साहित्य संघ झाशी राणी चौकात आहे, तिथे चौकशी करायला विसरू नका.

गाडी रात्रीची होती. मामीने संत्रा बर्फी बांधून दिली आणि "पुढच्या खेपेले पोळ्याले या, दुसऱ्या दिवशी मारबत निघते" असं सांगितलं. मारबत म्हणजे मिरवणुकीने नेऊन जाळायचा मोठा पुतळा: काळी मारबत, पिवळी मारबत आणि वर्षभराच्या रागाचे बडगे, म्हणजे त्यांच्यासोबतचे पुतळे. काळ्या मारबतीचा संबंध भोसल्यांच्या राणी बांकाबाईंशी जोडतात. दादाने वाचनालयात त्यावर काय आहे ते शोधून ठेवायचं कबूल केलंय.